कालनिर्णयातला ‘ह’

मी हसले. खरं तर एवढंच झालं. २८ जुलै २०२४, रविवारची दुपार, शिकागोच्या दक्षिण भागातलं, व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान. हिरव्या खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. स्कोअरबोर्डावर ‘आवाज करा’ अशी अक्षरं नाचायला लागली, तसा माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस बिअरचा उंच कॅन हातात धरून मोठ्याने म्हणाला, ‘हळू रे, झोपमोड होईल त्यांची!’ आजूबाजूचे आठदहा जण हसले. मीही हसले. पण ते हसून थांबले आणि मला थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेंगांची पिशवी मांडीवरून घसरून टरफलं पायाशी सांडेपर्यंत मी हसत राहिले. तेव्हा पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या, जागा दाखवणाऱ्या आजींनी मान वळवली. सत्तरीच्या असतील. हातात खुर्च्या पुसायचं फडकं. सामना सुरू व्हायच्या आधी त्याच फडक्याने त्यांनी माझी खुर्ची पुसून दिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत विसरून गेले असते. कुणी गेलेल्या घरात बाहेर मोठी माणसं गप्प बसलेली असतात, आतल्या खोलीत मुलं खिदळत असतात आणि एखादी मावशी दार लोटून घ्यायला येते. ती मावशी त्या मुलांकडे जसं बघते तसं. मग त्या पुन्हा मैदानाकडे बघत उभ्या राहिल्या.

तो सलग चौदावा पराभव होता.

मी काही बेसबॉलवेडी वगैरे नाही. नोकरीसाठी शिकागोत आले तेव्हा घर शोधताना भाडं आणि रेड लाइनचं स्टेशन या दोनच गोष्टी पाहिल्या होत्या. ब्रिजपोर्टमध्ये हॅलस्टेड स्ट्रीटपासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी भाजी परतत असताना बाहेर धाडधाड फटाके वाजायला लागले. दिवाळी नाही, चार जुलै नाही. खिडकीतून पाहिलं तर गच्च्यांच्या वर धुराचा एक पांढरा गोळा विरत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, ‘सॉक्सचा होमरन.’ होमरन म्हणजे आपल्या सिक्ससारखा, कुंपणापलीकडे मारलेला फटका. तो झाला की या मैदानातल्या स्कोअरबोर्डातून आतषबाजी होते. बिल वीक नावाच्या हरहुन्नरी मालकाने १९६० साली जुन्या मैदानात हे सुरू केलं. मैदान बदललं, स्कोअरबोर्ड बदलला, फटाके राहिले. बोर्डावर मोठी रंगीत चक्रं आहेत, तीही तेव्हा गरगर फिरतात. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला नंतर कळलं, पण पाहताक्षणी मनात शब्द आला तो जत्रेतल्या भिरभिऱ्याचा. तेव्हापासून मी संघाला आधी कानाने ओळखत गेले. फोडणी टाकताना फटाका वाजला की एक होमरन. कणीक मळून होईपर्यंत दुसरा नाहीच वाजला की समजायचं, आज काही खरं नाही.

२०२४च्या उन्हाळ्यात माझं स्वयंपाकघर फार शांत होतं.

हे सगळं मी बाबांना पुण्याला कळवायचे. कशी सुरुवात झाली ते आता नीट आठवत नाही. एप्रिलमध्ये कधीतरी त्यांनी विचारलं, ‘तुझ्या त्या टीमचं काय झालं?’ मी म्हटलं, ‘हरले.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. बाबांना रोज सामना असतो हीच गोष्ट आधी पटेना. ‘रोज? म्हणजे अगदी दुधासारखं?’ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने. एवढ्यात सगळा सीझन बसवायचा तर रोजच खेळावं लागतं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. आकडा दिसला की तो कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहायला सुरुवात केली. आई त्या चौकटींमध्ये वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब लिहिते, ‘१॥’, ‘२’, ‘नाही’. त्याच्याच कोपऱ्यात बाबा पेन्सिलीने ‘जि’ किंवा ‘ह’ लिहायला लागले. तारखेचा घोळ पहिल्याच आठवड्यात झाला, कारण आमचा संध्याकाळचा सामना संपतो तेव्हा पुण्यात दुसरा दिवस उजाडलेला असतो. बाबांनी नियम केला : सामना जिथला, तारीख तिथली. आई म्हणाली, ‘माझ्या दुधाच्या चौकटीत अमेरिकेचा ह कशाला?’ पण तिने कधी खोडलं नाही.

सकाळी उठल्यावर बाबांचा मेसेज असे, एकाच शब्दाचा : ‘आज?’ माझंही उत्तर एकाच शब्दाचं. त्या वर्षी बहुतेक तोच शब्द असायचा.

बाबांना हरणाऱ्या संघाची सवय आहे. आम्ही पुण्याचे, म्हणजे रणजीत आमचा संघ महाराष्ट्र. नाव सगळ्या राज्याचं, आणि राज्यात मान मात्र मुंबईचा. मुंबईने ४२ वेळा करंडक नेलाय. कालपरवापर्यंत कुणी हिशेबात न धरलेल्या विदर्भानेही तो आता तीनदा उचललाय. महाराष्ट्राने दोनदा, तेही १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे बाबांचा जन्म होण्याच्या दहाएक वर्षं आधी. बाबा आयुष्यभर एका न पाहिलेल्या विजयाच्या जवळपास राहिले. आमच्याकडची सर्वात मोठी गोष्टसुद्धा अर्धवट राहिलेली : भाऊसाहेब निंबाळकर १९४८च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ला हात लागेल एवढ्या अंतरावर, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर समोरचा संघ पुढे खेळायलाच तयार नाही. बाबा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी थांबत, जणू या वेळी तरी ते लोक परत मैदानात येतील.

शिकागोत तसंच आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. शहराचा लाडका संघ उत्तरेकडचा, कब्ज. पर्यटक त्यांचं वेलींनी झाकलेलं मैदान बघायला जातात, त्यांचे टी-शर्ट घेतात. कब्जनी १०८ वर्षांनी २०१६ साली विजेतेपद मिळवलं तेव्हा सगळं जग रडलं. दक्षिणेकडच्या व्हाइट सॉक्सनी २००५ साली ८८ वर्षांनी ते मिळवलं होतं, पण माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या ते लक्षातही नाही. गावात दोन संघ असले की एक गावाचा होतो आणि दुसरा गल्लीचा. मी गल्लीत राहत होते, एवढंच.

त्या जुलैचं वर्णन कसं करावं? १० तारखेला घरच्या मैदानावर मिनेसोटाशी एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला जिंकले, दुसरा हरले. बाबांच्या चौकटीत ‘जि’ आणि ‘ह’ शेजारीशेजारी. मग पिट्सबर्गशी तीन, तिन्ही हरले. मग चार दिवस सगळ्यांनाच सुट्टी. १७ तारखेला आषाढी होती. आईने फोनवर साबुदाण्याची चौकशी केली (इथे मिळतो, पण भिजत घातला की त्याची खळ होते), आणि बाबा म्हणाले, ‘चला, तुझी पोरं चार दिवस तरी हरणार नाहीत.’ मग १९ला सुरू झालं. कॅन्सस सिटीत तीन, टेक्सासमध्ये चार, घरी सिएटलशी तीन, पुन्हा घरी कॅन्सस सिटीशी तीन. १९ ते ३१ जुलै एकही दिवस मोकळा नाही आणि एकही जय नाही. क्रिकेटमध्ये हरलं की निदान आठवडाभर कण्हायला मिळतं. इथे रात्री हरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी घालून उभं राहायचं. पराभवाची बातमी होत नाही, तो हवामान होतो. ऑफिसला निघताना छत्री घ्यावी का बघतात, तसं लोक रात्रीचा स्कोअर बघत होते.

बहुतेक सामने मी रेडिओवर ऐकले. टीव्हीच्या वर्गणीचे पैसे देण्याइतकी माझी भक्ती नव्हती. आधीच्या भाडेकरूने एक घड्याळवाला रेडिओ टाकून दिला होता. मायक्रोवेव्ह लावला की तो खरखरायचा, म्हणून सामना चालू असताना मी जेवण गॅसवरच गरम करायचे. समालोचक लेन कॅस्पर. हा गृहस्थ आधी कब्जचा टीव्हीवरचा आवाज होता. ती मानाची जागा सोडून तो आपण होऊन सॉक्सच्या रेडिओवर आला, कारण त्याला रेडिओ करायचा होता. अशा माणसाबद्दल मला काही ऐकायचं नव्हतं, नुसतं त्याला ऐकायचं होतं. लहानपणी आमच्या घरी बाळ पंडितांचा आवाज असायचा. बाबा दाढी करताना ब्लेड गालापासून दूर धरून थांबत, चेंडू पडेपर्यंत. कॅस्परही तसाच थांबायचा. पिचरने, म्हणजे इथल्या बोलरने, हात वर घेतला की कॅस्परच्या आवाजात एक बारीक पोकळी यायची. पंधरा सामने हरल्यावरही ती तेवढीच मोठी होती. तिला मागच्या पंधरा सामन्यांचं काही माहीतच नव्हतं.

मैदानात मी त्या पंधरवड्यात तीनदा गेले. पहिल्यांदा शुक्रवारी, २६ला. १०-० हरले. इथे शुक्रवारी सामन्यानंतर आतषबाजी असतेच, संघ जिंको नाहीतर हरो, त्यामुळे दहा धावांनी मार खाऊन झाल्यावर आकाशभर लाल-हिरवी फुलं फुटली आणि लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत राहिली. माझ्या हातात तेव्हा एलोते होतं. कणसाचे दाणे समोर सुरीने कापून पेल्यात भरतात, त्यावर लोणी, मेयोनेज, चीज, लाल तिखट आणि लिंबू. हे मेक्सिकन लोकांचं. या भागात ते पुष्कळ राहतात आणि या मैदानाची खरी कीर्ती त्या पेल्यात आहे असं माझं मत आहे. लोणी-चीज वजा केलं की उरतं ते जुलैतलं सिंहगडाच्या वाटेवरचं कणीस : तिखटमीठ लावलेलं अर्धं लिंबू दाण्यांवरून फिरलेलं, हाताला कोळशाचा वास. फक्त इथे पाऊस नव्हता. मिशिगन सरोवराकडून अधूनमधून वारा यायचा, तो जाऊन पुन्हा दमटपणा मानेवर बसायचा.

दुसऱ्यांदा गेले तो रविवार. त्याबद्दल सांगून झालंय.

पण ते हसू आलं कुठून? मला वाटतं, ते महिनाभर साठत आलं होतं. २९ जूनला सकाळी आम्ही पंधरावीस जण नेपरव्हिलला एका मित्राच्या घरी टी-ट्वेंटीची फायनल बघायला जमलो होतो. सूर्याचा तो झेल झाल्यावर कुणी कुणाला मिठी मारली ते कळलं नाही. पोह्यांची परात पालथी झाली. त्या दिवसापासून ग्रुपवर विजयाचा पूर होता. मरीन ड्राइव्हवरचा तो जनसागर मी फोनवर इतक्यांदा पाहिला की शेवटी मला एकेक झाड ओळखू यायला लागलं. आणि त्याच ग्रुपवर मी सॉक्सचे विनोद टाकायला लागले. आधी एखादा, मग रोज. लोकांना ते आवडायचे. ‘आज तुझ्या मोज्यांचं काय?’ असं विचारायचे आणि मी काहीतरी खमंग लिहायचे. ऑफिसातही तेच. हरणाऱ्यांबरोबर असणं अवघड असतं, हरणाऱ्यांवर विनोद करणारी म्हणून असणं फार सोपं. आपण तिथेही असतो आणि आपल्या अंगाला काही लागतही नाही.

आता एक जुनी गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. नेहरू स्टेडियमवर महाराष्ट्राचा कुठलासा सामना, समोर कोण होतं ते आठवत नाही, आठवतो तो हिवाळ्यातल्या उन्हाने तापलेला सिमेंटचा कट्टा आणि कागदाच्या पुडीतल्या खारवलेल्या शेंगा. सीमारेषेवर आमचा एक जाडसर क्षेत्ररक्षक उभा होता. त्याच्या पायांमधून चेंडू गेला. आमच्या मागच्या पोरांनी ‘ए पिंप!’ अशी हाळी दिली आणि पुढे दर चेंडूला देत राहिली. चौथ्या-पाचव्या वेळी मीही ओरडले. माझा आवाज बारीक, त्यामुळे तो एकटाच वेगळा ऐकू गेला. त्या माणसाने वळून पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत. उठले, माझा हात धरला आणि आम्ही पाचसहा रांगा खाली जाऊन बसलो, जिथून खेळ तिरका दिसत होता. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. घरी जाताना त्यांनी मला नेहमीसारखी सायकलच्या नळीवर बसवलं आणि नेहमीसारख्याच गप्पा मारल्या. ती गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही. रविवारी आजींनी मान वळवली तेव्हा माझ्या हाताला, मनगटाच्या जरा वर, कुणीतरी धरल्यासारखं वाटलं.

त्यानंतर विनोद सुचेनात. शिवाय संघही डोळ्यांदेखत विरघळत होता. जुलैअखेर इथे खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपते. हरणारा संघ आपली चांगली माणसं जिंकणाऱ्यांना देतो आणि त्या बदल्यात अठरा-वीस वर्षांची पोरं घेतो, चार वर्षांनी उगवतील या आशेवर. सोमवारी फेडी गेला. या पिचरला अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं म्हणून तो कोरियात जाऊन खेळला, तिथे सर्वोत्तम ठरला आणि परत आला होता. त्याच सौद्यात फॅम गेला, कोपेक गेला. मंगळवारी एलॉय हिमेनेझ. कॅमेरा दिसला की हात हलवून ‘हाय मॉम’ म्हणणारा हा पोरगा. तो जिथे जाईल तिथे कॅमेरे असणारच, पण मला वाईट वाटलं. घर विकायला काढलेल्या माणसांकडे चहाला गेल्यासारखं वाटत होतं : बसायला खुर्ची आहे, पण भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन.

आणि मधूनच गॅरेट क्रॉशे. साडेसहा फुटी डावखुरा पोरगा. २०२२ साली कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेला, आणि २०२४च्या आधी कधी सामन्याची पहिली ओव्हर, म्हणजे पहिली इनिंगच (माझी ही चूक जात नाही), न टाकलेला. त्या भयाण वर्षात त्याने १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना स्ट्राइक-आउट केलं, म्हणजे चेंडूला नीट बॅट लावू न देता बाद केलं. हात जपायचा म्हणून जुलैपासून त्याला चारेक इनिंगनंतर बसवायचे. त्या चार इनिंगपुरता तो संघ जगातला कुठलाही संघ असू शकला असता. मग तो बसायचा आणि आम्ही हरायचो.

हे मी बाबांना सांगितलं. १ ऑगस्टला सामना नव्हता, सुट्टी होती. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने त्याच दिवशी पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं होतं आणि बाबा अगदी रंगात होते. माझं ऐकून म्हणाले, ‘सोलकर.’ मला कळेना. ‘अगं, चौऱ्याहत्तर साली लॉर्ड्सला आपण ४२त उखडलो. मी बावीस वर्षांचा होतो, रेडिओ फोडावासा वाटत होता. १७ ओव्हर. सगळ्यांना ४२ पाठ आहे. पण त्यात एकनाथ सोलकर १८ नाबाद होता. आणि त्याने एक सिक्स मारलीय त्यात. हूक करून. विचार कुणालाही, माहीत नसतं.’ मग जरा थांबून, ‘हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा पोरगा,’ असं म्हणाले, जणू त्याच्यामुळेच ती सिक्स कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. मला आकड्यांचा चाळा लागलेला होता म्हणून मी म्हटलं, बाबा, गंमत बघा, इथे म्हणतात की प्रत्येक संघ ६० जिंकतो आणि ६० हरतोच, खरा प्रश्न उरलेल्या ४२चा. बाबा म्हणाले, ‘तुझे ते ६० तरी जिंकतील का?’

नाही जिंकले. सीझनअखेर ४१ जय आणि १२१ पराजय, आधुनिक बेसबॉलमध्ये एका वर्षात कुणी इतकं हरलेलं नाही. पण ते पुढे.

मिनेसोटात पुन्हा तीन हरले. शेवटच्यात सात धावा काढल्या आणि तेरा दिल्या. वीस झाले. ५ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ हरले, एकवीस. अमेरिकन लीगमधला (इथल्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी सॉक्सची ती) विक्रम तेवढाच होता, बाल्टिमोरचा, १९८८चा. दुसऱ्या दिवशी २२वा झाला असता तर इतिहास झाला असता. आता जे लिहिणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ६ ऑगस्टच्या रात्री रेडिओ लावताना मला २२ हवे होते. एवढं सोसलं, तर निदान विक्रम तरी पदरात पडावा, उद्या सांगायला काहीतरी, असं वाटलं होतं. आजींच्या नजरेला आठवडाच होऊन गेला होता. माणूस काय सुधारतो! पश्चिमेकडचा सामना, त्यामुळे आमच्याकडे पावणेनऊला सुरू झाला. ओकलंडचाही तो त्या मैदानातला शेवटचा उन्हाळा. ५७ सीझन तिथे काढून संघ गाव सोडून निघाला होता, म्हणजे एका बाजूला घर सोडणारे आणि दुसऱ्या बाजूला घरात काही न उरलेले. मी भांडी घासली, कपड्यांच्या घड्या घातल्या. सहाव्या-सातव्या इनिंगला लक्षात आलं की मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी आहे, आणि पिचरने हात वर घेतला की माझाही श्वास थांबतोय. कधी पालटलं ते मला सांगता येणार नाही. शेवटचा माणूस बाद झाला तेव्हा कॅस्परचा आवाज नेहमीपेक्षा थोडाच चढला. ५-१. आदल्या रात्रीचाच स्कोअर, उलटा. बाहेर फटाका नाही की हॉर्न नाही. हॅलस्टेडवरून रिकामी बस गेली.

पुण्यात सकाळचे पावणेदहा झाले असतील. मी फोन लावला.

‘बाबा, जिंकले.’

‘कोण?’

खरंच म्हणाले, कोण. मग लगेच, ‘थांब थांब, पेन्सिल कुठाय...’ आणि फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, आईचं ‘काय झालं?’. परत आले ते धापा टाकत. ‘लिहिलं. आज सगळंच चांगलं आहे बघ. विनेशने काल त्या सुसाकीला हरवलं, पाहिलंस ना? आज रात्री फायनल. मी दुपारी झोपून घेणार आहे.’ मीही म्हटलं, झोपा. आणि मीसुद्धा झोपले, फार दिवसांनी रेडिओ बंद करून. सकाळी उठले तेव्हा बाबांचा ‘आज?’ आलेला नव्हता.

दोन दिवसांनी संघाचा व्यवस्थापक, म्हणजे आपल्याकडचा मुख्य प्रशिक्षक, ग्रिफोल याला काढून टाकलं. त्याने जिंकायची वाट पाहिली आणि त्यांनी त्याला काढायची, असं मी म्हणाले असते, पण ग्रुपवर लिहिलं नाही.

तिसऱ्यांदा मैदानात गेले होते ते ३० जुलैला, पण त्या दिवशी आजी दिसल्या नव्हत्या. मग १२ ऑगस्टला पुन्हा गेले. यांकीज आले होते, म्हणून मैदान बऱ्यापैकी भरलेलं, पण न्यूयॉर्कच्याच टोप्यांनी. मी मुद्दाम त्याच बाजूचं तिकीट काढलं होतं. आजी होत्या. तेच फडकं. मी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं, त्या दिवशी मी हसले ते, वगैरे. त्यांनी माझं तिकीट पाहिलं, खुर्ची पुसली आणि विचारलं, ‘न्यूयॉर्कहून आलीस का?’

त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. पंधरा दिवस मी ज्या नजरेशी वाद घालत होते, ती त्यांच्या गावीही नव्हती. मी म्हटलं, ‘नाही, इथलीच. हॅलस्टेडला राहते.’ ‘मग बरं,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारची रिकामी खुर्चीसुद्धा पुसून टाकली, पिशवी ठेवायला. त्या रात्री सॉक्स १२-२ जिंकले. आठव्या इनिंगपर्यंत न्यूयॉर्कवाले उठून गेले होते आणि मैदान पुन्हा आमच्या ओळखीचं, रिकामं झालं होतं.

डिसेंबरात पुण्याला गेले. स्वयंपाकघरात कालनिर्णय खिळ्यालाच होतं, पानं मागे उलटत गेलेलं. बाबांनी हौसेने जुलै काढून दाखवला. आईचे ‘१॥’ आणि ‘नाही’ शाईने ठसठशीत, आणि कोपऱ्यात पेन्सिलीचे ह. १९ पासून खाली ३१ पर्यंत सलग, काही ठिकाणी मसाल्याचा पिवळा अंगठा उठलेला. २८ तारखेवर ‘मनू – ब्राँझ’ असंही लिहिलं होतं. बाबांनी तिथे बोट ठेवलं. ‘या दिवशी तू मैदानात होतीस ना? कसं होतं?’

‘कणीस छान होतं,’ मी म्हटलं.

त्यांनी पान उलटलं. ऑगस्ट, ६ तारीख, मंगळवार : ‘जि’, तेही जरा मोठं, खाली रेघ मारलेलं. त्याच्या खालच्याच चौकटीत, ७ला, त्याच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘विनेश, रात्री’. बाबांची खोडरबराची डबी शेजारीच फळीवर असते. ते खोडलेलं नव्हतं.